कॅटचे ९१ पर्सेंटाइल आणि फायनान्समधली नोकरी

सांगलीच्या एका मुलाचा प्रश्न आहे. दहावी २०१९ ला, ७१ टक्के. बारावी २०२१ ला, ८४. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम., ६४ टक्के. २०२४ च्या कॅटला, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेला, ९१.२ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ९१ मुलं त्याच्या मागे. सध्या एका सीएंच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरतो आणि बँकांसाठी स्टॉक ऑडिटला, म्हणजे कर्जदाराचा माल आणि येणी तपासायला, जातो. मुंबई-पुण्यात फायनान्समध्ये शिरायचंय, जमलं तर क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्जाच्या छाननीत, किंवा कंपन्यांच्या रिसर्चमध्ये. त्याचं विचारणं असं: ९१ सीव्हीवर लिहू का? पुन्हा कॅट देऊ की एमबीएची आंतरराष्ट्रीय परीक्षा, जीमॅट, देऊ? आणि ‘९९ नसतील तर फायनान्सचा नाद सोड’ असं एक जण म्हणाला, ते खरं का?

तुझ्या वयाचा भाचा आहे मला, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी १९ वर्षं कर्ज देण्याच्या धंद्यात आहे. आधी बँकेत होतो, आता एका एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीत. त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसतोय. जे सांगतोय ते त्या खुर्चीतून दिसलेलं. इन्व्हेस्टमेंट बँकेतला माणूस थोडं वेगळं सांगेल, सरकारी बँकेतला तर पूर्णच वेगळं.

तुझ्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. हातात असलेला स्कोअर दाखवावा का, ही एक. आणि त्याहून चांगला स्कोअर मिळवायला आणखी एक वर्ष घालावं का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर दोन ओळींत संपतं. दुसरी महागातली आहे. आणि एक तिसरी गोष्ट तू अर्ध्या ओळीत उरकलीस, स्टॉक ऑडिटची. तिच्याकडे शेवटी येतो, कारण मला विचारशील तर तुझ्या सीव्हीतला माल तोच आहे.

आधी चाळणी कशी लागते ते बघ. मागे आमच्याकडे ज्युनिअर क्रेडिट अॅनालिस्टच्या दोन जागा होत्या. एचआरने एक्सेलची शीट पाठवली, ६१२ ओळींची. गुरुवारची संध्याकाळ, साडेसात वाजून गेलेले, मी आणि माझा सहकारी वडापाव खात त्या शीटपुढे बसलेलो. एका सीव्हीला दोन मिनिटं दिली तरी वीस तास होतात. वीस तास कोणाकडेच नव्हते. मग काय केलं? पदवीच्या टक्क्यांच्या कॉलमवर फिल्टर लावला, साठच्या खालचे गेले. दहावी-बारावीवर लावला, आणखी गेले. तरी दोनशेच्या वर उरले. मग ज्यांच्या नावापुढे सीए इंटर (सीएची मधली परीक्षा), सीएफएची (गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) एखादी लेव्हल, चांगलं एमबीए किंवा कर्जाशी संबंधित अनुभव होता, ते पिवळे केले. वीस मिनिटांत साठ नावं उरली. त्या साठांचे सीव्ही मात्र आम्ही उघडून, वाचून काढले.

हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. फिल्टरने उडवलेल्या साडेपाचशेत आमच्या कामाची दहा-पंधरा मुलं तरी असणारच. पण गुणांचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे की ते एका कॉलममध्ये बसतात आणि चढत्या-उतरत्या क्रमाने लागतात. ‘काम समजून करतो’ याला कॉलम नसतो. समोरच्याला तुझ्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसेल तेव्हा तो आकडा बघतो. तुला ओळखणाऱ्या कोणी तुझं नाव सुचवलं किंवा तुझ्या कामाचा एखादा नमुना त्याच्यापुढे आला, की आकड्याचा भाव पडतो. चार-पाच वर्षांचा अनुभव झाल्यावर तर कोणी विचारतही नाही. माझा कॅटचा स्कोअर मला शेवटचा कधी विचारला गेला, हे मला आठवत नाही.

जाता जाता, तो स्कोअर ८३ पर्सेंटाइलचा होता. मी २००३ च्या त्या बॅचचा, ज्यांचा पेपर नोव्हेंबरात फुटला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा द्यावा लागला. तेव्हा पेन्सिलने गोल काळे करायचे असत. आयआयएमचं स्वप्न तिथंच मिटलं. राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेतून, सीईटीतून, पुण्यात एमबीए केलं आणि बाहेर पडलो.

आता या फिल्टरमधली गंमत तुझ्याच बॅचवर दाखवतो, कारण तुमच्या बॅचचे आकडे वाचायला अवघड आहेत. २०१९ च्या दहावीला बोर्डाने भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद केले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० वर आला. ओरड झाली, ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे तुझे ७१ हे कडक वर्षातले ७१ आहेत. तुझ्यानंतर वर्षभराने दहावी झालेल्या पोराचे ७८ कदाचित तेवढ्याच मोलाचे असतील. पुढे २०२१ ला बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के असा हिशेब करून निकाल लावला, तो ९९.६३ टक्के लागला. त्यामुळे तुझ्या ८४ कडे बघताना माझ्यासारखा माणूस मनात थोडी कपात करतो. या सगळ्यातलं एक्सेलच्या फिल्टरला काही कळत नाही. त्याला ७१ आणि ८४ दोन्ही साठाच्या वर दिसतात, तो पुढे जाऊ देतो.

म्हणजे तुझ्यासाठी बातमी चांगली आहे. ‘सगळीकडे फर्स्ट क्लास’ ही जी अट मुंबईतल्या निम्म्या कंपन्या लावतात, ती तू पार केलेली आहेस. तिथे ७१ आणि ९१ मध्ये फारसा फरक पडत नाही. अटीच्या वर आहेस की खाली, एवढंच बघितलं जातं.

मी खाली होतो. २००६ साल, एमबीए संपत आलेलं, मुंबईतल्या एका खासगी वित्तीय कंपनीकडून बोलावणं आलं. डेक्कन क्वीनने गेलो, ग्रुप डिस्कशन झालं, पहिली मुलाखत झाली. आतल्या साहेबांनी हसून हात मिळवला. दुपारी एचआरच्या बाई फाइल घेऊन बसल्या आणि बारावीच्या मार्कशीटवर त्यांचं बोट थांबलं. ६०० पैकी ३५०. म्हणजे ५८.३३. ‘आमच्याकडे थ्रूआउट सिक्स्टी लागतं, तुम्हाला शॉर्टलिस्टच कसं केलं?’ चूक त्यांची होती, परतीचं तिकीट मी काढलं. गेली कित्येक वर्षं मी स्वतः तोच फिल्टर लावतोय. लावताना दर वेळी ते बोट आठवतं आणि तरीही लावतो. फक्त एक केलंय: अनुभव असलेल्यांच्या शीटवर दहावी-बारावीचा फिल्टर लावायचा नाही, असं एचआरकडून कबूल करून घेतलंय.

आता ‘९९ नसतील तर’ म्हणणाऱ्याकडे येऊ. तो खोटं बोलत नाहीये, पण त्याने एकच दरवाजा बघितलाय. फायनान्समध्ये शिरायला दरवाजे बरेच आहेत आणि प्रत्येकावरचा वॉचमन वेगळं ओळखपत्र मागतो.

सरकारी दरवाजा सगळ्यात सरळ. आयबीपीएस पीओ (सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांची परीक्षा), स्टेट बँक, रिझर्व्ह बँकेचा ग्रेड बी, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा ग्रेड ए. इथे परीक्षेचे गुण म्हणजेच नोकरी. आयबीपीएस पीओची पूर्वपरीक्षा फक्त पुढे जाण्यापुरती असते. अंतिम यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांना ८०:२० वजन देऊन लागते. तिथे तुझ्या कॅटला शून्य किंमत, पण कॅटसाठी घासलेल्या गणिताला आणि तक्त्यांच्या प्रश्नांना भरपूर. गावाकडची हुशार मुलं या रस्त्याने येतात आणि पुढे मोठमोठी कर्जं मंजूर करतात, हे पुण्या-मुंबईच्या एमबीएंना कधीकधी दिसत नाही.

दुसरा दरवाजा मोठ्या बी-स्कूलचा कॅम्पस. इन्व्हेस्टमेंट बँका, प्रायव्हेट इक्विटी, मोठे कन्सल्टिंगवाले इथून उचलतात, आणि हा ९९ वाला सल्ला इथला आहे. पर्सेंटाइलचा उपयोग कॉलेजात शिरण्यापुरता असतो आणि कंपनी त्या कॉलेजात येते. म्हणजे आकडा तुझ्या वतीने आधीच बोलून गेलेला असतो. आपल्याकडे सीईटीतून मुंबईच्या जमनालाल बजाज कॉलेजला जायचं तर खुल्या गटात ९९.९ च्या आसपास लागतात. आत गेल्यावरही शॉर्टलिस्ट लावताना दहावीपासूनचे गुण पुन्हा चाळले जातात. त्या दरवाजाने जायचं असेल तर तो सल्ला देणारा बरोबर आहे, आणि तिथे ९१ ने काम होणार नाही.

तिसरा दरवाजा ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांचा. ते आयआयटीतून मुलं घेतात, जेईईची रँक आणि ऑलिम्पियाड बघतात, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या परीक्षा घेतात. आठ मिनिटांत ऐंशी तोंडी हिशेब, संभाव्यतेची कोडी, असलं काहीबाही. तुझा तो रस्ता नाही, माझाही नव्हता.

परदेशाचं थोडक्यात सांगतो, कारण तू जीमॅटचं विचारलंस. अमेरिकेतल्या काही बँका आणि फंड नव्या पदवीधरांना त्यांच्या सॅटचे गुण विचारतात. २०१४ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने यावर बातमीही केली होती. म्हणजे बारावीच्या वयात दिलेली परीक्षा नोकरीच्या अर्जावर येणं ही काही आपल्याचकडची खोड नाही. पण तिकडच्या माणसाला कॅट म्हणजे मांजर, त्यामुळे तिकडच्या अर्जावर कॅट लिहिण्यात अर्थ नाही.

उरला तो चौथा, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कमी चर्चा होणारा. एनबीएफसी, खासगी बँकांच्या क्रेडिट टीम, रेटिंग एजन्सी, ब्रोकिंग हाऊसचे रिसर्च डेस्क, आणि परदेशी बँकांची गोरेगाव-मालाड-पवईपासून खराडी-मगरपट्ट्यापर्यंत पसरलेली ऑफिसं, जिथे फंड अकाउंटिंग, केवायसी, रिकन्सिलिएशन, क्रेडिट रिव्ह्यू अशी कामं चालतात. तू सांगतोयस ती नोकरी याच्या आत आहे. इथे साठाची अट असते, बऱ्याचदा कंपनीची स्वतःची अॅप्टिट्यूड टेस्ट असते, आणि त्यानंतर मुलाखत. कॅटचा पर्सेंटाइल कोणी मागत नाही. लिहिलास तर कोणी हरकतही घेत नाही.

‘गुणांना काही अर्थ नसतो हो, माणूस बघावा’ असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. अर्थ असतो. कॅटमध्ये ४० मिनिटांत २२ गणितं असतात, आणि त्यांतली कुठली सोडून द्यायची हे ठरवणं ही निम्मी परीक्षा असते. दुसऱ्या भागात तक्ते वाचून, आडव्या-उभ्या बेरजा जुळवून उत्तरं काढायची असतात. माझ्या टीममधली मुलं दिवसभर तेच करतात, फक्त तक्ता कंपनीच्या ताळेबंदाचा असतो. ज्यांचे पर्सेंटाइल वर होते ती मुलं आकड्यांत लवकर रुळतात, हे मी सातत्याने पाहिलंय. पण ते कुठपर्यंत पुरतं, याचा एक प्रसंग सांगतो.

मुलाखतीत मी एका साखर कारखान्याचा ताळेबंद देतो, नाव झाकून. तीन पानं. पंधरा मिनिटं वाचायला. मग विचारतो, ३१ मार्चला साखरेचा साठा एवढा प्रचंड आहे, या कंपनीला कर्ज द्यायचं का? एका वर्षी एक ९८ पर्सेंटाइलचा मुलगा आला. त्याने झटक्यात हिशेब केला: साठा विकायला दोनशेच्या वर दिवस लागतात, माल उठत नाहीये, पैसा अडकलाय, देऊ नका. हिशेब अगदी बरोबर. त्यानंतर नगर जिल्ह्यातली एक मुलगी आली, स्कोअर बेताचा, कॉलेजचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. तिने पानं उलटून बघितली आणि मलाच विचारलं, ‘सर, सप्टेंबरअखेरचा साठा आहे का?’

मी म्हटलं, का? ती म्हणाली, ‘गाळप नोव्हेंबरला सुरू होतं, मार्चपर्यंत चालतं. वर्षभर विकायची साखर पाच महिन्यांत तयार होते. ३१ मार्चला गोदाम भरलेलंच असणार, त्यावरून काही कळत नाही. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी किती उरली ते बघायला पाहिजे.’ आणि मग, न विचारता: ‘एफआरपी किती थकलीय?’ ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, पैसे द्यायचा कायदा आहे. ते थकले असतील तर साखरेच्या तारणावर काढलेलं कर्ज नेमकं कुठे गेलं, हा पुढचा प्रश्न येतो. तिच्या घरी ऊस होता, बिलाची वाट बघितलेली होती. ताळेबंदातली ‘व्यापारी देणी’ ही ओळ तिला आतून माहीत होती.

जागा दोन होत्या, आम्ही दोघांनाही घेतलं. एक्सेलमध्ये मॉडेल तो तिच्या निम्म्या वेळात बांधायचा, आजही बांधतो. साखर, कापूस, डाळ मिल, दूध असलं काही आलं की फाइल तिच्याकडे जाते. स्कोअरने तिच्याबद्दल काही चुकीचं सांगितलं होतं असं नाही. जे महत्त्वाचं होतं ते मोजायला त्यात रकानाच नव्हता, इतकंच.

मुलाखतीतला आणखी एक नेहमीचा प्रश्न सांगून ठेवतो, फार मुलं इथे पडतात, ९९ वाली सुद्धा. घसारा दहा रुपयांनी वाढला, कर २५ टक्के, तर तिन्ही पत्रकांत काय होईल? घोकून आलेला म्हणतो, नफा दहाने कमी. तसं नाही. करपूर्व नफा दहाने कमी, कर अडीच रुपयांनी कमी, म्हणून निव्वळ नफा साडेसातने कमी. कॅश फ्लोमध्ये घसारा पुन्हा बेरजेत धरायचा, कारण त्यात खिशातून पैसा जात नाही: साडेसात गेले, दहा आले, रोकड अडीचने वाढली. ताळेबंदात यंत्रसामग्री दहाने कमी, रोकड अडीचने जास्त, म्हणजे मालमत्ता साडेसातने कमी. पलीकडे राखीव निधी साडेसातने कमी. दोन्ही बाजू जुळल्या. खर्च वाढून रोकड कशी वाढली, याचं उत्तर ‘कर वाचला’ एवढ्या दोन शब्दांत जो देतो, त्याचा पर्सेंटाइल मी नंतर बघत नाही.

आता तुझ्या प्रश्नांची थेट उत्तरं.

९१ लिहायचे का? खासगी एनबीएफसी किंवा परदेशी बँकेच्या इथल्या ऑफिसला अर्ज करत असशील तर शिक्षणाच्या खाली एका ओळीत लिही: ‘कॅट २०२४: ९१.२ पर्सेंटाइल’. ‘पर्सेंटाइल’ हा शब्द गाळू नकोस, ९१ टक्के लिहिलंस तर जाणकार माणूस तिथंच भुवया उंचावेल. जिथे समोर आयआयएमवाले बसलेत असं माहीत असेल तिथे ती ओळ काढून टाक, ते ९१ ला चांगला स्कोअर मानत नाहीत. आणि गणिताच्या भागात तुझा पर्सेंटाइल एकूण स्कोअरपेक्षा वर असेल, समज ९६-९७, तर तो वेगळा लिही. क्रेडिटवाल्यांना तोच हवा असतो.

आकडे मात्र जसेच्या तसे. पदवीचे ६३.७ असतील तर ६३.७ लिही, ६४ करू नकोस. ऑफर दिल्यानंतर कंपनी तुझी प्रत्येक मार्कशीट पडताळणीला पाठवते. ५९.६ चे ६० केलेल्या एका मुलाची ऑफर रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात मागे घेतलेली मी बघितलीय. मुलगा कामाचा होता. कोणाला काही करता आलं नाही.

पुन्हा कॅट? २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं परीक्षेला बसली. ९१.२ म्हणजे पंचवीस-सव्वीस हजार मुलं तुझ्या पुढे. ९९ म्हणजे फक्त तीन हजारांच्या आत. मधल्या त्या तेवीस हजारांना एका वर्षात मागे टाकायचंय, आणि त्यांतले बरेच जण पुन्हा बसणारच आहेत. होतं, लोक करतात. पण आधी एक बघ: तुझे गुण कुठे गेले? इंग्रजीचा भाग ७५ ला अडकला आणि बाकी दोन ९५ च्या वर असतील, तर पुन्हा देण्यात दम आहे, कारण एकच गोष्ट दुरुस्त करायची आहे. तिन्ही ८८ ते ९२ च्या मध्ये असतील तर मी देणार नाही. द्यायचंच असेल तर नोकरी सांभाळून दे. घरी बसून दिलेलं वर्ष स्कोअर आला नाही तर सीव्हीवर भोक पाडून जातं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्या भोकावरच येतो. शिवाय कॅटचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशांना चालतो, पुढच्या वर्षी कोरी पाटी. सीईटीचा फॉर्म मात्र भरत जा. त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि महाराष्ट्रातली कमी फीची चांगली कॉलेजं त्यावरच मिळतात.

जीमॅट आत्ता नको. स्कोअर पाच वर्षं चालतो हा त्याचा मोठा फायदा, पण आपल्याकडे तो मुख्यतः आयएसबीसारख्या, अनुभव असलेल्यांसाठीच्या एक वर्षाच्या कोर्सना लागतो. तीन वर्षं काम कर, मग दे. देशील तेव्हा जुन्या लोकांच्या ‘सातशे पडले’ या गप्पांवर जाऊ नकोस. २०२३ च्या शेवटापासून परीक्षा बदललीय, स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये असतो, आणि जुन्यातले ७०० म्हणजे नव्यातले साधारण ६४५.

त्याऐवजी काय, तर हातातल्या पैशाप्रमाणे. रिसर्चकडे जायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज १५ परीक्षा, रिसर्च अॅनालिस्टची. फी हजार-दोन हजारांच्या घरात, पास व्हायला ६० टक्के लागतात, चुकीला गुण कापतात, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. रिसर्च रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे सेबीच्या नियमाने ते असावं लागतं, त्यामुळे आधीच असलं तर ब्रोकरचं एक काम वाचतं. सीएफएची पहिली लेव्हल लाखाच्या आसपास जाते, फी डॉलरमध्ये असते, पण नोकरी सांभाळून होते. २०२१ च्या जुलैत पहिल्या लेव्हलला फक्त २२ टक्के पास झाले होते, म्हणून कोणी हलकं समजत नाही. माझ्या शीटवर तुझी ओळ पिवळी व्हायला ९१ चे ९५ झाल्यापेक्षा या एका ओळीचा जास्त उपयोग होईल.

आता ती अर्धी ओळ. तू लिहिलंस, ‘स्टॉक ऑडिटला जातो’. सीव्हीवरही तेवढंच लिहिलं असशील. अरे, कॅश क्रेडिटच्या (माल आणि येणी यांच्या तारणावरच्या कर्जाच्या) खात्याचं ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, काढणं हे माझ्या टीमचं रोजचं काम आहे, आणि तू ते गोदामात उभा राहून करतोस! समज, कर्जदाराच्या स्टेटमेंटमध्ये साठा चार कोटी, त्यातला उधारीवर आणलेला माल एक कोटी. पैसे दिलेला माल तीन कोटी, २५ टक्के मार्जिन सोडून सव्वादोन कोटी. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, दोन कोटी, सगळी ९० दिवसांच्या आतली म्हणून दाखवलेली, ४० टक्के मार्जिन सोडून एक कोटी वीस लाख. एकूण डीपी ३ कोटी ४५ लाख. तू बिलं काढून बघितलीस आणि त्यातली ५० लाखांची येणी ९० दिवसांच्या वरची निघाली. ती वगळल्यावर डीपी ३ कोटी १५ लाख. पार्टीने पूर्ण डीपी उचललेली असेल, तर बँकेचे ३० लाख तारणाबाहेर उघडे पडले होते, हे तुझ्यामुळे कळलं.

असं एखादं ऑडिट तू नक्की केलेलं असणार. पार्टीचं नाव न घेता, आकडे ढोबळ करून, सीव्हीवर दोन ओळींत ते लिही: किती खाती बघितलीस, कुठल्या धंद्यांची, डीपीत काय फरक सापडला. तुझ्या सीएंना आधी विचार, ते नाही म्हणणार नाहीत. मग तो सीव्ही घेऊन सांगली-कोल्हापुरातल्या खासगी बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या क्रेडिट मॅनेजरला प्रत्यक्ष भेट. त्यांच्याच शाखांची ऑडिटं तुम्ही करता, सरांच्या ओळखीने दहा मिनिटं मिळतील. मुंबईच्या रिकाम्या जागा आतल्या माणसांना आधी कळतात, आणि आतून आलेला सीव्ही एक्सेलच्या त्या ६१२ ओळींत बसत नाही. तो मेलला जोडून थेट माझ्यासारख्याकडे येतो, आणि मी तो उघडतो.

भेटायला जाशील तेव्हा तयारीत जा. तो मॅनेजर पहिलं विचारेल, ‘येणी जुनी निघाली, हे पार्टीने मान्य केलं का? तू कसं पटवलंस?’ त्याचं उत्तर मला माहीत नाही, तुला आहे.